अंगणातला लिंब आणि कवितेतला निंबवृक्ष

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात झाडांवरच्या कवितांविषयी इतकी पत्रे आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून सगळी जागा याच विषयाला देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय ६१ वर्षे आहे. माझे सारे बालपण सोलापुरात, गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या वस्तीत गेले. आमच्या सात बिऱ्हाडांच्या वाड्यात मधोमध एक मोठा लिंब होता. वडील गिरणीत कामाला होते आणि आई घरी विड्या वळत असे. सूप मांडीवर घेऊन ती दिवसभर लिंबाखाली बसायची. चैत्रात लिंबाची फुले सुपातल्या तंबाखूत पडत आणि ती वेचून काढण्याचे काम माझ्याकडे असे. मी आठवीत असताना घरमालकांनी खोल्या वाढविण्यासाठी ते झाड पाडले. त्या दिवसापासून आई उंबऱ्याच्या आत बसू लागली. या झाडावर मी एक कविता लिहिली आणि एका नियतकालिकाकडे पाठविली. ‘केवळ स्मरणरंजन’ असा शेरा घेऊन ती परत आली. बालपण आठवणे हा कवितेत दोष ठरतो का? निसर्गाच्या प्रतिमा तर मी भरपूर योजल्या आहेत. मग उणे काय राहिले? कविता सोबत पाठवीत आहे.

निंबवृक्ष तो अंगणातला, हिरवा हिरवा गार,
मायेची ती शीतल छाया, किती तिचे उपकार ।
झुळझुळ वारा, किलबिल पक्षी, गाती मंजुळ गाणी,
आठवते मज बालपणीची अवीट गोड कहाणी ।

दिवाळीच्या सुट्टीमध्ये लिंबोळ्यांचा सडा,
मैत्रिणींच्या संगे भरला खाऊचा तो घडा ।
झोका उंच पंचमीचा, फांदी करकर वाजे,
त्या आवाजी अजून माझे बालपण ते गाजे ।

गेला वृक्ष, गेले अंगण, सरले ते दिन सारे,
उरले केवळ डोळ्यांमध्ये आसवांचे तारे ।

– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्याला मिळालेला शेरा मला अपुरा वाटतो. दोन शब्दांत वाट लावण्यासारखे आपले लेखन नाही. ‘स्मरणरंजन’ हा शब्द आपण जरा सोडवून पाहू. त्यात स्मरण आहे आणि रंजन आहे. स्मरणाला दोष देण्याचे कारण नाही, कारण आठवण काढून घेतली तर कवितेचा निम्मा संसारच उठून जाईल. रंजन मात्र स्मरणाच्या मानगुटीवर बसले की आठवण आपल्याला जशी सोसते तशी वळवली जाते, तिच्यातले घाम, धूळ आणि तंबाखू पुसून टाकले जातात आणि जे उरते ते कोणाच्याही बालपणाला चालण्यासारखे असते. शेरा मारणाऱ्याला बहुधा हेच म्हणायचे असावे, परंतु ते कोठे घडले आहे हे त्याने दाखवायला हवे होते. ते काम येथे करतो.

आपले पत्र आणि आपली कविता मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. पत्रात लिंब आहे, कवितेत निंबवृक्ष आहे. पत्रात सूप आहे, उंबरा आहे, सात बिऱ्हाडे आहेत. कवितेत मंजुळ गाणी आणि अवीट गोड कहाणी आहे. पत्र लिहिताना आपण आठवत होता आणि कविता लिहिताना, मला वाटते, आपण ‘कविता’ लिहीत होता. शाळेच्या पुस्तकांतून कानावर पडलेली झुळझुळ आणि किलबिल हाताशी तयारच असते, ती बोलवावी लागत नाही. म्हणूनच तिला उंबऱ्यावर अडवून, तू आमच्या वाड्यात कधी राहत होतीस का, असे विचारणे भाग आहे.

‘हिरवा हिरवा गार’ या शब्दांपाशीच थांबू. सोलापूर हा अवर्षणाचा मुलूख. येथे वर्षाला पाऊस पडतो तो ५५० मिलिमीटरच्या आसपास आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. या मुलखात हिरवेपणा हा झाडाचा बारमाही गुण नसतो. लिंब फाल्गुनात पाने गाळतो, मग तांबूस कोवळी पालवी येते आणि चैत्र सरता सरता, म्हणजे इतर कितीतरी झाडे उघडी पडलेली असताना, त्याची सावली पुन्हा दाट होते. वैशाखात त्या पानांवर धुळीचा थर बसतो आणि मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की तेच झाड धुवून ठेवल्यासारखे दिसते. ज्या मुलीने आठवीपर्यंत हे रोज पाहिले, तिच्या कवितेत लिंब वर्षभर हिरवागार राहिला तर तो कोकणातल्या एखाद्या ओढ्याकाठी लावलेला वाटतो. सोलापुरात झाडाचे मोठेपण हिरवेपणाने मोजत नाहीत, सावलीने मोजतात. दुपारी ती सावली ज्या बिऱ्हाडाच्या दाराशी सरकेल, त्या दाराशी सगळा वाडा जमतो. आपल्या लिंबाची सावली दुपारी दोन वाजता कोणाच्या दारात असायची, हे आपल्याला नक्की आठवत असेल.

आता लिंबोळ्यांचा प्रश्न. हा आक्षेप किरकोळ वाटेल, पण माझ्या मते आपल्या कवितेची किल्ली येथेच आहे. लिंब फुलतो चैत्रात आणि लिंबोळी पिकून गळते ती ज्येष्ठ-आषाढात. सोलापुरात हे दिवस शाळा नुकत्या सुरू झाल्याचे आणि वारीचे असतात. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी याच सुमारास शहरातून पंढरपूरकडे जाते. त्या दिवसांत लिंबाखाली पिवळ्या लिंबोळ्या पायाखाली चिरडतात, त्यांचा आंबूस वास अंगणभर राहतो. दोन बोटांत धरून दाबली की साल हातात राहते आणि बी सटकून जाते. गर आधी गोड लागतो आणि मग जिभेच्या मुळाशी कडवट होतो. दिवाळीच्या सुट्टीत लिंबाखाली लिंबोळ्यांचा सडा पडत नाही. आपल्या गावचा कोणताही वाचक त्या ओळीपाशी अडखळेल आणि एकदा अडखळला की पुढच्या आसवांवरही त्याचा विश्वास बसणार नाही.

यात आपली फसवणूक कोणी केली? मला वाटते, आठवणीनेच केली, आणि ती तिची रीतच आहे. सुट्टीचा आनंद एका बाजूला आणि लिंबोळ्यांचा आनंद दुसऱ्या बाजूला होता; पन्नास वर्षांनी दोन्ही एकत्र येऊन बसले. ही चूक दुरुस्त करून आषाढ लिहिता येईल, आणि साधा मार्ग तोच आहे. पण दुसराही एक मार्ग आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. दिवाळीत लिंबोळ्या नसतात हे ६१ व्या वर्षी लक्षात आलेली बाई, आपल्याला त्या दिवाळीतच का आठवतात असे स्वतःला विचारते, एवढ्यावरसुद्धा कडवे उभे राहील. मग त्या कवितेत बालपणाबरोबर बालपण आठवणारी बाईही असेल. सध्याच्या कवितेत ती कोठेच नाही. शेवटी तिचे फक्त डोळे आले आहेत.

झाडाच्या नावाविषयी थोडे. आपल्याकडे ‘लिंब’ म्हणतात, निंबवृक्ष कोणी म्हणत नाही. मात्रा जुळवण्यासाठी आलेला हा शब्द झाडाला परके करतो. आणि आपला वाडा सोलापुरातला असेल तर त्या झाडाला एकच नाव असण्याचा संभव कमी. आपल्या शहरात मराठीला लागूनच कन्नड आणि तेलुगू बोलली जाते. कानडी घरांत लिंब म्हणजे ‘बेवु’ आणि तेलुगू घरांत ‘वेप’. चैत्र शुद्ध प्रतिपदेला मराठी घरात गुढीला लिंबाचा डहाळा बांधतात आणि कोवळा पाला गूळ, हरभऱ्याची डाळ, ओवा घालून वाटतात. त्याच सकाळी कानडी घरात बेवु-बेल्ला, म्हणजे लिंब आणि गूळ, हातावर ठेवतात. आणि तेलुगू घरात उगादीच्या पच्चडीसाठी लिंबाची फुले लागतात. सात बिऱ्हाडांचा वाडा, एक झाड, आणि एकाच सकाळी कोणी डहाळा तोडतो आहे, कोणी पाला खुडतो आहे, कोणी पदरात फुले झेलतो आहे. हे दृश्य सोलापूरच्या मुलीलाच लिहिता येईल. आपल्या वाड्यात कोणकोण राहत होते ते मला माहीत नाही. तेलुगू किंवा कानडी बिऱ्हाड असेल, तर त्यांनी त्या झाडाला मारलेली हाक कवितेत येऊ द्यावी.

आता ज्या गोष्टीमुळे हे उत्तर एवढे लांबले, तिच्याकडे येतो. आपल्या रसशास्त्रात विभावाचे, म्हणजे मनात भाव जागवणाऱ्या कारणाचे, दोन प्रकार सांगितले आहेत. ज्याच्याविषयी भाव निर्माण होतो ते आलंबन, आणि जे त्या भावाला चेतवते ते उद्दीपन. झाडावरच्या कवितेत झाड हे आलंबन आहे, असे आपण धरून चालतो. बालपणाच्या कवितेत मात्र ते बहुतेक वेळा उद्दीपन असते. ज्याच्यासाठी जीव तुटतो ते दुसरेच कोणी असते आणि झाडाच्या आडून दिसत असते. आपले पत्र वाचताना मला एका क्षणाचीही शंका आली नाही की आपल्या मनातले आलंबन आई आहे. पण कवितेच्या दहा ओळींत आई एकदाही आलेली नाही. ती शोधायला गेलो तर ‘मायेची ती शीतल छाया’ या शब्दांत दडलेली सापडली. माया म्हणून जी काही झाडाच्या नावावर लावली आहे, ती सारी तिची आहे. सावलीत बसून बोटे दुखेपर्यंत तेंदूची पाने कातरणारी, दोरा गुंडाळणारी बाई कवितेतून उठून गेली आणि तिच्या जागी एक गुळगुळीत विशेषण येऊन बसले. स्मरणरंजन म्हणतात ते याला.

तंबाखूत पडलेली फुले हा आपल्या पत्रातला तपशील मी तीनदा वाचला. लिंबाचे फूल पांढरे, ज्वारीच्या दाण्याएवढे, आणि संध्याकाळी त्याला मंद गोड वास येतो. सुपातली तंबाखू तपकिरी, उग्र. त्यात पडलेली ती पांढरी फुले एका लहान मुलीची बोटे एक एक करून उचलत आहेत. फूल सुंदर आहे आणि तरी ते येथे कचरा आहे, कारण विडीत गेले तर विडी नापास होईल आणि आईची मजुरी कापली जाईल. निसर्गाचे वर्णन आणि घरची ओढगस्त येथे एका चिमटीत आली आहेत, आणि हे ठरवून जुळवता येत नाही. आपण निसर्गाच्या प्रतिमा ‘योजल्या’ असे लिहिले आहे. ही प्रतिमा आपण योजलेली नाही, ती आपल्याला मिळालेली आहे. आणि नेमकी तीच पाकिटात पत्राच्या घडीत राहिली, कवितेच्या कागदावर उतरली नाही.

कवितेत एक ओळ मात्र खरी आहे आणि तिचे मनापासून कौतुक करतो : ‘फांदी करकर वाजे’. झोका उंच जाणे सर्वांच्याच कवितेत असते, पण दोरखंडाखाली फांदी करकरते हे झोक्यावर बसलेल्या मुलीच्याच कानाला कळते, कारण त्या आवाजात थोडी भीती असते. शिवाय ‘वाजे’ हे रूपही नेमके आहे. मराठीत एखादी गोष्ट पूर्वी नेहमी घडत असे हे सांगण्यासाठी रीतिभूतकाळ आहे, आणि बालपणाची कविता प्रामुख्याने त्या काळात नांदते : आई बसे, फुले पडत, फांदी वाजे. हीच गोष्ट ‘आई बसायची, फुले पडायची’ अशीही सांगता येते. पहिल्या रूपात थोडे अंतर आणि गांभीर्य येते, दुसऱ्यात अंगणातला बोलका सूर येतो. कोणते घ्यायचे हे आपण ठरवावे, पण पुढच्याच ओळीत ‘त्या आवाजी अजून माझे बालपण ते गाजे’ असे सांगून आवाज झाकून टाकू नये. फांदी वाजली, ती आम्ही ऐकली. तिचा अर्थ आम्हाला लावू द्यावा.

आणि रीतिभूतकाळ कोठेतरी मोडावा लागतो. नेहमी असे व्हायचे, नेहमी तसे व्हायचे, असे कितीही सांगितले तरी गमावल्याचा धक्का बसत नाही, कारण नेहमी घडणाऱ्या गोष्टीला शेवट नसतो. तो धक्का ‘एके दिवशी’ने बसतो. आपल्या पत्रात तो दिवस आहे : झाड पाडले आणि आई उंबऱ्याच्या आत बसू लागली. कवितेत त्याऐवजी ‘सरले ते दिन सारे’ आले, आणि सगळे दिवस एकदम सरले की त्यातला एकही दिवस दिसत नाही. आसवांचे तारे काढून टाकावेत. बाहेर बसणारी बाई आत बसू लागली, एवढे सांगितले की अंगणात आता ऊन आहे हे वाचकाला आपोआप दिसते.

कविता पुन्हा लिहावी आणि मला पाठवावी, असा माझा आग्रह आहे. यमके सुटली तरी हरकत नाही, कडवी कमी झाली तरी हरकत नाही. एक गोष्ट पत्रात आली नाही म्हणून विचारतो : तंबाखूतून वेचलेली फुले आपण कोठे टाकत होता? ते आठवत असेल तर पुढच्या खर्ड्यात अवश्य यावे.

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातील एका शाळेत मराठी शिकवते. बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले की या कवितेत लहानपणाचा उल्लेखही नाही, तरी ती वाचताना गावाकडचे लहानपण का आठवते? दुसऱ्याने विचारले की झाडाला माणसासारखे बसवले म्हणजे चेतनगुणोक्ती झाली, पण त्यामुळे साधले काय? मी दिलेल्या उत्तराने माझेच समाधान झाले नाही.

– एक शिक्षिका

उत्तर : असे प्रश्न वर्गात विचारले जातात हे वाचून फार आनंद झाला. दोन्ही प्रश्नांचे उत्तर कवितेच्या रचनेतच आहे. १८९० ते १९१८ एवढेच आयुष्य लाभलेल्या बालकवींची ही कविता अवघ्या आठ ओळींची आहे, आणि जिच्यावर ती लिहिली असे आपण म्हणतो तो वृक्ष येतो शेवटच्या ओळीत. तोवर झरा, बेटे, टेकडीकडचे चार घरांचे गाव, शेतमळे, पांढरी पायवाट आणि काळा डोह एवढे सारे येऊन गेलेले असते. ही दृष्टी जशी सरकते तशी लहान मुले वाट चालतात. मुलाला झाडाकडे जायचे असले तरी त्याच्या वाटेत सगळे गाव येते, आणि तो प्रत्येक गोष्ट पाहूनच पुढे जातो. लहानपणाचा उल्लेख नाही हे खरे. पाहण्याची रीत मात्र लहानपणाची आहे.

दुसरा प्रश्न. या कवितेत झरा हिरवाळी घेऊन वाहतो आणि पायवाट डोहाकडे चालते, पण त्याकडे आपले लक्षही जात नाही, कारण रस्ता कोठे जातो असे आपण रोजच विचारतो. भाषेत मुरलेली ही सचेतनता आहे. सात ओळी बहुतांशी जसे आहे तसे दाखवून झाल्यावर मग औदुंबर पाण्यात पाय टाकून बसतो. जसे आहे तसे दाखवण्याला स्वभावोक्ती म्हणतात, आणि संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्श’ या ग्रंथात अलंकारांच्या मालिकेत तिला पहिले स्थान दिले आहे. ‘यात कल्पना कोठे आहे’ असे विचारणाऱ्या मुलांना हे मुद्दाम सांगावे. सात ओळींचा विश्वास आधी जमा झाला, म्हणून आठव्या ओळीतले माणूसपण आपण मुकाट्याने मान्य करतो. त्या औदुंबरात कोणी विरक्त योगी पाहिला, कोणी उदासी पाहिली. पण पाण्यात पाय सोडून बसणे म्हणजे काय हे अंगाला कळते ते विहिरीच्या पायरीवर किंवा नदीच्या घाटावर तसे बसलेल्या मुलाला, आणि आपल्या विद्यार्थिनीला बहुधा तेच आठवले.

वर्गात करून पाहण्याजोगे एक काम सुचवतो. मराठीत झाडांना लिंग आहे आणि निम्मी चेतनगुणोक्ती व्याकरणच करून टाकते. वड, पिंपळ, औदुंबर, लिंब हे पुल्लिंगी. चिंच, बाभळ, शमी या स्त्रीलिंगी. आणि नुसते ‘झाड’ म्हटले की ते नपुंसकलिंगी, घरातल्या ‘मुला’सारखे ‘ते’. म्हणून वडाचे आजोबा होतात आणि चिंचेची आजी होते, त्यासाठी कवीला काही करावे लागत नाही. मुलांना त्या शेवटच्या ओळीत औदुंबराच्या जागी चिंच बसवून पाहायला सांगावे. पाण्यात पाय टाकून ‘बसली’ म्हटल्याबरोबर डोहाकाठचे सारे चित्र कसे बदलते ते त्यांना आपसूक कळेल, आणि अलंकाराचे नाव पाठ करण्यापेक्षा हे त्यांच्या अधिक लक्षात राहील.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे आणि सोलापुरातच तिसऱ्या मजल्यावरच्या घरात वाढलो. अंगण, झोका, लिंबोळ्या यांपैकी काहीच माझ्या वाट्याला आले नाही. आमच्या गॅलरीसमोर रस्त्याकडेला एक गुलमोहर होता, तेवढाच. त्यावर दर उन्हाळ्यात कावळा घरटे करायचा. वडील यंत्रमागावर कामाला होते. एका वर्षी घरट्यातून लाल सुताचे एक टोक बाहेर लोंबत होते आणि ते माझ्या वडिलांच्या मागावरचे आहे, असे मी शाळेत सगळ्यांना सांगत असे. झाडावर कविता लिहिण्याइतके बालपण माझ्याजवळ आहे का?

– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आहे, आणि ते इतरांजवळ नसलेले आहे. अंगणात वाढलेल्या मुलाने झाड नेहमी खालून पाहिले : खोड, सावली, गळून पडलेली फळे. आपण ते शेंड्याच्या पातळीवरून पाहिले. गुलमोहराचा लालभडक फुलोरा वरून कसा दिसतो, घरट्यात पिल्लांच्या चोची किती उघडतात, वळवाच्या वाऱ्यात शेंडा किती वाकतो, हे वाड्यातल्या मुलांना झाडावर चढूनही धड दिसले नसते. मराठीत अशा गॅलरीतल्या झाडाची कविता अजून थोडी आहे, तेव्हा अंगण नव्हते याची खंत कवितेत आणू नये. जे आपल्याला मिळालेच नाही त्याचे स्मरण करू गेलात तर दुसऱ्याच्या कवितेतून उसने आणावे लागेल.

कावळ्याच्या घरट्याविषयी एक सांगतो. वैशाखात कावळा कोणत्या झाडावर आणि कोणत्या दिशेच्या फांदीवर घरटे करतो, यावरून त्या वर्षीच्या पावसाचा अंदाज बांधण्याची जुनी समजूत आपल्या भागातल्या शेतकऱ्यांत आहे. आपल्या आजोळी किंवा शेजारी कोणी जुने माणूस असेल तर त्याला ती विचारून घ्यावी. कवितेत ती यायलाच हवी असे नाही, पण ज्या घरट्याकडे आपण सुताच्या टोकासाठी पाहत होता त्याच घरट्याकडे दुसरे कोणी पावसासाठी पाहत असेल, हे मनात असले तर लिहिणाऱ्याचा हात वेगळा चालतो.

शहरात कावळे काटक्यांबरोबर तारांचे तुकडेही घरट्यात विणतात आणि आपल्या गावात त्यांना सूत सापडावे यात नवल नाही. वडील मागावर विणत होते आणि कावळा झाडावर विणत होता, हे नाते लहानपणी आपण स्वतः जोडले होते. म्हणूनच तर ते शाळेत सांगत होता. ते सूत खरोखर वडिलांच्या मागावरचे होते की नाही, याचा निवाडा आता करत बसू नये. ‘असे मी शाळेत सगळ्यांना सांगत असे’ या शब्दांपासूनच सुरुवात करावी. गुलमोहराचे नाव दुसऱ्या कडव्यात आले तरी चालेल.